४१३००१ची पूर्ण तपासणी: मोठ्या संख्येचे गुणधर्म कोणत्या क्रमाने काढावेत

विभाजक किती, त्यांची बेरीज किती, सहमूळ संख्या (तिच्याशी १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) किती, संख्या वर्ग आहे का, दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते का, हे प्रश्न स्पर्धा परीक्षेत आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला हमखास येतात. सूत्रं बहुतेकांना पाठ असतात, तरी उत्तरं चुकतात, कारण सूत्रात घालायचे मूळ अवयवच अर्धवट काढलेले असतात. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त जागा अवयव काढण्याला दिली आहे. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

उदाहरणासाठी सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड घेऊ: ४१३००१. हा साधा दिसतो, पण घाई करणाऱ्याला नेमका एका जागी फसवतो.

## तयारी

तीन गोष्टी कागदावर आधी हव्यात.

पहिली, २ ते २११ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. या ४७ आहेत. बहुतेकांची यादी ९७ला संपते, कारण शाळेत १०० पर्यंतच्या २५ पाठ करून घेतात. ती यादी इथे पुरत नाही. पुढच्या अशा: १०१, १०३, १०७, १०९, ११३, १२७, १३१, १३७, १३९, १४९, १५१, १५७, १६३, १६७, १७३, १७९, १८१, १९१, १९३, १९७, १९९, २११.

यादीत ९१, ११९, १३३, १४३, १६१, १८७, २०३, २०९ किंवा २१७ शिरली असेल तर काढून टाका. या सगळ्या संयुक्त आहेत (९१ = ७ × १३, १८७ = ११ × १७, २०९ = ११ × १९). जास्तीची संख्या राहिली तर फक्त वेळ जातो, पण एखादी मूळ संख्या सुटली तर उत्तरच बिघडतं. त्यामुळे यादी तपासताना काय सुटलंय हे आधी पाहा.

दुसरी, बाक्या लिहायला दोन रकाने: डावीकडे भाजक, उजवीकडे बाकी. नुसतं ‘भाग जात नाही’ अशी फुली मारू नका. बाकी लिहिलेली असली की मागाहून तपासता येते, फुली तपासता येत नाही.

तिसरी, कच्च्या कामासाठी वेगळा कागद.

## टप्पा १: संख्या उतरवा आणि दोन खुणा काढून ठेवा

संख्या उजवीकडून स्वल्पविराम देऊन लिहा: ४,१३,००१. म्हणजे चार लाख तेरा हजार एक. मधल्या दोन शून्यांमुळे इथेच चुका होतात, कोणी ४१३०१ लिहितं, कोणी ४१३०००१.

आता दोन खुणा काढा.

- अंकांची बेरीज: ४ + १ + ३ + ० + ० + १ = ९. म्हणजे ९ ने भागल्यावर बाकी ०.
- उजवीकडून एकाआड एक वजा-अधिक: १ − ० + ० − ३ + १ − ४ = −५. म्हणजे ११ ने भागल्यावर बाकी ६.

सावधान. अंकांची बेरीज एकटी पुरत नाही. ४१३०१, ४१३०००१ आणि अंक उलटसुलट झालेली ४३१००१ या तिन्हींची बेरीज ९च येते. शेजारचे दोन वेगळे अंक अदलाबदल झाले तर ते ११ची खूण पकडते: ४३१००१ला ११ ने भागल्यावर बाकी १० येते, ६ नाही. शून्यांची चूक स्वल्पविराम देऊन मोठ्याने वाचल्यावर लगेच कळते.

## टप्पा २: कुठपर्यंत जायचं ते ठरवा

६४२ चा वर्ग ४,१२,१६४ आणि ६४३ चा वर्ग ४,१३,४४९. आपली संख्या या दोहोंच्या मध्ये आहे, म्हणून वर्गमूळ ६४२ आणि काही अपूर्णांक. संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव ६४२ किंवा त्याहून लहान असायलाच हवा. दोन्ही अवयव ६४२ हून मोठे असते तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता.

६४२ पर्यंत ११६ मूळ संख्या आहेत. घाबरू नका, ही मर्यादा टिकत नाही. एक अवयव सापडला की उरलेली संख्या लहान होते, आणि मर्यादा उरलेल्या संख्येच्या वर्गमुळावरून नव्याने काढायची असते. हे पाऊल गाळलं की माणूस उगाच पुढे भागत राहतो किंवा कंटाळून अर्ध्यात सोडतो.

## टप्पा ३: कसोट्यांनी सुटणारे अवयव आधी काढा

क्रम ठरलेला ठेवा: २, ५, ३, मग ७-११-१३ एकत्र.

एकक १ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो: ४१३००१ ÷ ९ = ४५८८९.

उरलेल्या संख्येला ३ची कसोटी पुन्हा लावा. ४ + ५ + ८ + ८ + ९ = ३४, भाग जात नाही. म्हणजे ३ अगदी दोनदाच आहे. अवयव एकदा सापडला की पुन्हा तपासायचा, ही सवय नसल्याने घातांक चुकतात आणि पुढची तिन्ही सूत्रं कोसळतात.

आता नवी मर्यादा: २१४ चा वर्ग ४५,७९६, २१५ चा ४६,२२५. म्हणजे २१४ पर्यंतच जायचं. ११६ मूळ संख्यांचं काम एका ९ मुळे ४७वर आलं.

७, ११ आणि १३साठी एकच कसोटी वापरा. १००१ = ७ × ११ × १३, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून एकाआड एक वजा-अधिक करायचे. ४५८८९चे गट ४५ आणि ८८९. ८८९ − ४५ = ८४४. आता फक्त ८४४ तपासा: ७ ने बाकी ४, ११ ने ८, १३ ने १२. तिन्ही बाद.

## टप्पा ४: उरलेल्या संख्येला क्रमाने भागा

इथे शॉर्टकट नाही. १७ पासून पुढे एकही मूळ संख्या न गाळता जायचं. पूर्ण भागाकार मांडायची गरज नसते, मोठे पट वजा करत बाकीपर्यंत पोचा. उदाहरणार्थ २९: ४५८८९ − ४३५०० = २३८९, त्यातून २३२० गेले, उरले ६९, त्यातून ५८ गेले, बाकी ११.

४५८८९च्या बाक्या अशा आहेत. तुमच्या रकान्याशी जुळवा:

१७ → ६, १९ → ४, २३ → ४, २९ → ११, ३१ → ९, ३७ → ९, ४१ → १०, ४३ → ८, ४७ → १७, ५३ → ४४, ५९ → ४६, ६१ → १७, ६७ → ६१, ७१ → २३, ७३ → ४५, ७९ → ६९, ८३ → ७३, ८९ → ५४, ९७ → ८.

शंभरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या संपल्या आणि एकही लागू पडली नाही. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ‘४५८८९ मूळ संख्या आहे’ असं लिहून मोकळे होतात. थांबू नका. मर्यादा २१४ आहे.

१०१ → ३५, १०३ → ५४, १०७ → ९३, १०९ → ०.

४५८८९ ÷ १०९ = ४२१. उरलेल्या ४२१ची मर्यादा २०. दोनपासून १९ पर्यंतच्या कोणत्याही मूळ संख्येने ४५८८९ला भाग गेला नव्हता, म्हणजे ४२१लाही जाणार नाही. ४२१ मूळ आहे, वेगळी तपासणी नको.

४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१

शंभरला थांबलेल्याचं नुकसान किती ते पाहा. ४५८८९ मूळ धरली तर विभाजक ६ येतात, खरे १२ आहेत. विभाजकांची बेरीज ५,९६,५७० येते, खरी ६,०३,४६० आहे. सहमूळ संख्या २,७५,३२८ येतात, खऱ्या २,७२,१६० आहेत. सूत्र तिन्ही वेळा बरोबर वापरलेलं असतं.

## टप्पा ५: ताळा

पुढे जाण्याआधी तीन ताळे करा.

1. नऊचा: १०९ ला ९ ने भागून बाकी १, ४२१ ला ७, गुणाकार ७. ४५८८९ची अंकबेरीज ३४, बाकी ७. जुळलं.
2. अकराचा: १०९ → १०, ४२१ → ३, गुणाकार ३०, म्हणजे बाकी ८. ४५८८९ → ९ − ८ + ८ − ५ + ४ = ८. जुळलं.
3. बाक्यांचा, खास या पिनकोडसाठी: ४१३ = ७ × ५९. म्हणून ४१३००० ला ७ ने आणि ५९ ने निःशेष भाग जातो, आणि ४१३००१ ची दोघांनीही बाकी १ यायला हवी. आपल्या रकान्यात ५९ समोर ४६ आहे. ९ × ४६ = ४१४, त्यातून ४१३ गेले, उरला १. रकाना विश्वासार्ह आहे.

तिसऱ्या प्रकारचा ताळा ज्याला सुचू लागतो, त्याच्या चुका झपाट्याने कमी होतात. संख्येच्या जवळची सोपी संख्या शोधा आणि तिच्या अवयवांनी बाक्या पडताळा.

## टप्पा ६: विभाजक, त्यांची बेरीज, सहमूळ संख्या

विभाजकांची संख्या. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: (२+१) × (१+१) × (१+१) = १२. जोड्या लिहून काढा:

१ × ४१३००१
३ × १३७६६७
९ × ४५८८९
१०९ × ३७८९
३२७ × १२६३
४२१ × ९८१

सहा जोड्या, बारा विभाजक. १०० हून कमी विभाजक असतील तर जोड्या लिहायचा आळस करू नका, सूत्राचा ताळा यातूनच होतो.

बेरीज. (१ + ३ + ९) × (१ + १०९) × (१ + ४२१) = १३ × ११० × ४२२ = ६,०३,४६०. पहिल्या कंसात मधला ३ विसरून १ + ९ लिहिणं ही नेहमीची चूक. वर्ग असेल तर तीन पदं, घन असेल तर चार. या बेरजेतून संख्या स्वतः वजा केली की १,९०,४५९ उरतात. ते ४१३००१ पेक्षा कमी आहेत, म्हणून ही न्यून संख्या. बरोबर असते तर परिपूर्ण, जास्त असते तर विपुल.

सहमूळ संख्या. १ पासून ४१३००१ पर्यंत हिच्याशी १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या संख्या किती? (९ − ३) × (१०९ − १) × (४२१ − १) = ६ × १०८ × ४२० = २,७२,१६०. नऊसाठी ८ लिहू नका. नऊपर्यंतच्या संख्यांत ३, ६, ९ या तीन गळतात, म्हणून ६.

तपासा. सहमूळ संख्यांचं उत्तर २ हून मोठ्या कोणत्याही संख्येसाठी समच येतं. विषम आलं तर कुठेतरी १ वजा करायचा राहिला आहे.

## टप्पा ७: वर्गांचे प्रश्न

पूर्ण वर्गासाठी सगळे घातांक सम हवेत. इथे १०९ आणि ४२१ एकेकदाच आहेत, म्हणून ही वर्गसंख्या नाही. वर्ग करायला लागणारा लहानात लहान गुणक १०९ × ४२१ = ४५८८९, आणि मिळणारा वर्ग १३७६६७ चा.

दोन वर्गांच्या बेरजेचा नियम असा: ४ ने भागल्यावर ३ उरणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम हवा. आपल्याकडे असा अवयव फक्त ३ आणि तो दोनदा आहे. १०९ आणि ४२१ दोन्हींची बाकी १. म्हणजे मांडणी शक्य आहे. पुढे असं जा:

1. मूळ अवयव मोडा: १०९ = १०० + ९, म्हणजे १० आणि ३. ४२१ = २२५ + १९६, म्हणजे १५ आणि १४.
2. तिरपे-सरळ गुणाकार करा. एकदा १० × १५ + ३ × १४ = १९२ आणि १० × १४ − ३ × १५ = ९५. दुसऱ्यांदा चिन्हं बदलून १०८ आणि १८५.
3. नऊ बाहेर होता, म्हणून प्रत्येकाला ३ ने गुणा. ९ ने नाही, इथे बरेच जण चुकतात.

५७६ चा वर्ग + २८५ चा वर्ग = ३,३१,७७६ + ८१,२२५ = ४,१३,००१.
३२४ चा वर्ग + ५५५ चा वर्ग = १,०४,९७६ + ३,०८,०२५ = ४,१३,००१.

मांडण्या या दोनच आहेत. वर्गांच्या वजाबाकीसाठी विभाजकांच्या जोड्या पुरतात: ४२१ आणि ९८१ ची सरासरी ७०१, निम्मा फरक २८०, आणि ७०१ चा वर्ग वजा २८० चा वर्ग पुन्हा ४१३००१ देतो. सहा जोड्या, सहा मांडण्या.

## टप्पा ८: बारा अंक आणि त्यापुढे

पिनकोड दोनदा सलग लिहा: ४१३००१४१३००१. एक्केचाळीस हजार तीनशे कोटी चौदा लाख तेरा हजार एक. वर्गमूळ ६,४२,६५१ च्या पुढे. हाताने अशक्य वाटतं, पण मर्यादा कशी घसरते ते पाहा.

९ काढल्यावर मर्यादा २,१४,२१७. दोन-दोन अंकांचे गट एकाआड एक वजा केले तर ० येतं, म्हणून १०१ ने भाग जातो, मर्यादा २१,३१५. १०९ काढल्यावर मर्यादा २,०४१. ४२१ काढल्यावर उरतात ९९०१ आणि मर्यादा ९९. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या आधीच तपासून झाल्या आहेत, म्हणून ९९०१ मूळ. साडेसहा लाखांची मर्यादा, पण प्रत्यक्षात ४२१ पर्यंतच्या ८२ मूळ संख्यांतच काम संपलं.

आकृतिबंध दिसला तर तो आधी वापरा: ही संख्या ४१३००१ × १०००००१ आहे आणि १०००००१ = १०१ × ९९०१. दोन्ही भागांत सामाईक अवयव नाही, म्हणून विभाजक १२ × ४ = ४८.

सावधान. सामाईक अवयव असेल तर असा गुणाकार चालत नाही. पिनकोड तीनदा लिहिला की ४१३००१ × १०००००१०००००१ मिळते. दुसरा भाग ३ × १९ × ५२५७९ × ३३३६६७. तीन दोन्हीकडे आहे. १२ × १६ = १९२ हे उत्तर चूक. सगळे अवयव एकत्र लिहा: ३ तीनदा, बाकी पाच एकेकदा. विभाजक ४ × ३२ = १२८. म्हणून आधी दोन भागांचा मसावि काढायचा, मगच गुणाकार.

यंत्राबाबत. ही अठरा अंकी संख्या एक्सेलमध्ये टाकली तर ४१३००१४१३००१४१३००० होते. एक्सेल पंधराच अंक धरतो, पुढचे शून्य करतो. एकक बदलला, विषम संख्या सम झाली, आणि सूचना काहीच आली नाही. संख्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट (द्विमान) पद्धतीने साठवणाऱ्या प्रणालींत ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ नंतरची प्रत्येक पूर्णांक संख्या अचूक बसत नाही. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण एका तिरक्या रेघेचा भागाकार दशांशात जातो, म्हणून दोन तिरक्या रेघांचाच वापरा.

‘२ चा (संख्या − १) इतका घात केला, त्याला संख्येने भागल्यावर बाकी १ आली, म्हणून मूळ’ हा निष्कर्षही धोक्याचा. ३४१ ही कसोटी पार करते आणि ३४१ = ११ × ३१. त्याऐवजी मिलर-राबिन कसोटी २, ३, ५, ७, ११ आणि १३ हे सहा पाये घेऊन लावा. सुमारे ३.४७ लाख कोटींपर्यंत ती खात्रीचं उत्तर देते.

## सराव

आधी स्वतः सोडवा, मग जुळवा.

४१३००४ (सोलापूर शहर). २ × २ × ३ × १२७ × २७१. चार आणि तीन काढल्यावर ३४४१७ उरते, मर्यादा १८५. इथेही शंभरला थांबणारा फसतो. विभाजक २४, बेरीज ९,७४,८४८, सहमूळ १,३६,०८०. विपुल. ४१३००१ शी मसावि ३, आणि तो काढायला अवयवांची गरजच नव्हती: दोन संख्यांचा फरक ३ आहे, दोन्हींना ३ ने भाग जातो, झालं.

४१३३०४ (पंढरपूर). २ × २ × २ × ३ × १७ × १०१३. १०१३ मूळ आहे हे ३१ पर्यंत भागून दाखवा. विभाजक ३२, बेरीज १०,९५,१२०, सहमूळ १,२९,५३६. तीन एकदाच आहे, म्हणून दोन वर्गांची बेरीज होत नाही.

४१३२१६ (अक्कलकोट). २ पाचदा, मग ३७ × ३४९. पाचवा २ सुटला तर विभाजक २४ ऐवजी २० येतात. बेरीज ८,३७,९००, म्हणजे ही विपुल संख्या. सहमूळ २,००,४४८. दोन वर्गांत मांडणी: ५०० चा वर्ग + ४०४ चा वर्ग.